बाइंडरचं कासव

१

तो आवाज काटेवाल्याने पहिल्यांदा ऐकला त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्नानंतरची पहिली सकाळ होती. घर नवं, उशी नवी, शेजारी बायको अजून झोपेत. तेवढ्यात पलंगाखाली काहीतरी खरखरलं आणि थांबलं. जरा वेळाने पुन्हा खरखरलं. कोणीतरी रिकामी पाटी फरशीवरून ओढत न्यावी, दोन हात ओढून दम खावा, परत ओढावी, तसा तो आवाज होता.

चोर असेल असं आधी त्याला वाटलं. पण इतक्या निवांतपणे चोर काम करत नाही. त्याने धीर करून पलंगाखाली डोकं घातलं, तर अंधारातून दोन बारीक डोळे त्याच्याकडे बघत होते. पाहुणा चुकीच्या खोलीत शिरल्यावर घरमालक बघतो तसे.

"घाबरू नका," बायको डोळे न उघडता म्हणाली. "तो आहे."

कासवाला सगळं जग 'ते' म्हणतं. ती 'तो' म्हणायची. पहिल्या सकाळीच हे त्याच्या कानाला टोचलं, पण नव्या नवऱ्याने पहिल्या सकाळी काय बोलावं?

काटेवाला म्हणजे तराजू दुरुस्त करणारा माणूस. किराणावाल्यांचे काटे, सोनाराचे नाजूक तराजू, दवाखान्यातलं बाळं तोलायचं पारडं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. आईच्या आजारपणात त्याचं लग्न राहून गेलं होतं. आई गेली तेव्हा डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले होते. मग कोणीतरी ह्या बाईचं सुचवलं. तिचा पहिला नवरा पुस्तकं बांधायचा. गल्लीत त्याला सगळे बाइंडर म्हणत. तो वारला होता. मूलबाळ नव्हतं. घर होतं, मागच्या बाजूला त्याची कामाची खोली होती, आणि त्याने तळहाताएवढं होतं तेव्हापासून वाढवलेलं एक कासव होतं.

काटेवाला आपली ट्रंक आणि हत्यारांची पेटी घेऊन त्या घरात राहायला आला. त्याची थोरली बहीण, आक्का, एकदा बघायला आली. कासव बघितलं, भावजय त्याला पानं भरवताना बघितली, आणि जाताना दारात भावाला म्हणाली, "पुरुषाला सवत नसते म्हणतात. तुला आहे बाबा. आणि तिला चार पाय आहेत."

दोघं खूप हसले. हसून झाल्यावर काटेवाला बराच वेळ दारात तसाच उभा राहिला.

२

घराचा रिवाज असा होता. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की कासव अंगणातून निघायचं. उंबऱ्याशी लावलेल्या उतरत्या फळीवरून घरात, मग जेवणाच्या खोलीतून, पलंगाखालून, थेट मागच्या खोलीच्या दाराशी. तिथे जाऊन ते थांबायचं. बायको हातातलं काम ठेवायची, दार उघडायची, दोघं आत जायची. दार पुरतं लागत नसे, बोटभर फट राहायची.

आतलं काहीच हललेलं नव्हतं. लांब टेबल, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, खळीचं भांडं, सुई-दोऱ्याचा डबा, आणि खिडकीकडे तोंड केलेली उंच पाठीची खुर्ची. बायको छोट्या स्टुलावर बसायची. मग तिचा आवाज यायचा. फार हळू. शब्द कळायचे नाहीत, लय कळायची. थोडं बोलायची, थांबायची. परत बोलायची.

काटेवाल्याने एकदा विचारलं होतं, आत बसून काय बोलतेस म्हणून.

"काही नाही. दिवसभरातलं," ती म्हणाली.

ह्या उत्तराने त्याच्या जिवाला जो चटका बसला तो तिला कधी कळला नाही. कारण त्याच्याशी ती जेवताना बोलायची ते मीठ कमी आहे का आणि पाण्याचा नळ गळतोय हे. वाईट वागत नसे. कपडे धुवायची, दुखलं तर तेल चोळून द्यायची. पण दिवसभरातलं जे काही होतं ते संध्याकाळी त्या खोलीत खर्च होऊन जायचं, आणि त्याच्या ताटात उरलंसुरलं यायचं.

बाइंडर कसा होता हे त्याला तिच्याकडून नाही, गल्लीतून कळलं. भारी सावकाश माणूस, लोक सांगायचे. एका पुस्तकाला आठवडा लावायचा. खळ पुरती वाळल्याशिवाय पान हलवायचा नाही. कोणी घाई केली तर म्हणायचा, नेता का तसंच, न्या, महिन्याने सुटं होऊन परत येईल. कासवालाही तसंच वाढवलं त्याने. अंगणातलं गवत, रानपाला, तोही मोजकाच, आणि थंडी पडली की लाकडी पेटीत कागदाच्या कातरणांची गादी करून त्याला झोपवायचं. सगळा हिवाळा ते झोपायचं. ते असं झोपलेलं असतानाच एका वर्षी बाइंडर वारला.

"त्याला कुणी सांगितलंच नाही," बायको एकदा म्हणाली होती. "झोपला तेव्हा हे होते. उठला तेव्हा नव्हते. मी काय सांगणार? मग रोज यायला लागला दाराशी."

मेलेल्या माणसाचा हेवा करावा का, हा प्रश्न काटेवाल्याने स्वतःला पुष्कळदा विचारला. मेलेला माणूस काही खात नाही, पीत नाही, जागा अडवत नाही. पण हा अडवत होता. रोज संध्याकाळी, चार पायांवर, खरखरत.

३

त्या वर्षी थंडीच्या आधी कासवाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची वेळ आली. बायकोचा पाय मुरगळला होता, म्हणून काटेवाला पिशवीत घालून घेऊन गेला. बाई उंच, कोरड्या बोलण्याच्या. पण कासव हातात घेतल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि कवचावरच्या एकेका खवल्यावरून अंगठा फिरवला. बघा, म्हणाल्या, एकाला एक लागून रेघा आहेत, दोऱ्यासारख्या. जितकं वाढायला हवं तितकंच वाढलंय, एक दिवसही घाई नाही. पाठ कशी नदीतल्या गोट्यासारखी. असं पाळलेलं कासव मला फार कमी बघायला मिळतं.

काटेवाल्याने विचारलं, किती जगेल?

"तुम्ही आणि तुमची बायको, दोघांना पोचवून येईल," बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

 त्याने असं धरलं होतं की आज ना उद्या हे म्हातारं जनावर जाईल, मागच्या खोलीचं दार बंद होईल, आणि मग संध्याकाळ त्याची होईल. आणि ही बाई सांगत होती की तो स्वतः सरणावर जाईल तेव्हाही ते दाराशी उभं असेल.

मग बाईंनी, सगळ्यांना सांगत असाव्यात तसं, सावध केलं. लोक लाडाने मारतात, म्हणाल्या. हिवाळ्यात झोपू देत नाहीत, वर दिवा लावून ठेवतात. कोरड्या गरम हवेत ठेवून अंडं, भिजवलेली डाळ, गोड फळं चारतात. मग ते भराभर वाढतं. दुप्पट, तिप्पट. घरी येणारे टाळ्या वाजवतात. पण कवचावर टेंगळं उठतात, हाडं मऊ राहतात, आत मूत्रपिंड आणि यकृत थकत जातं. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस खाणं सोडतं.

"दुष्टपणाने मारलेलं मी कधी बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "जी मेली ती सगळी प्रेमाने."

काटेवाला पिशवी छातीशी धरून घरी चालत आला. वाटेत अंडी घेतली.

४

पेटी आणि कागदाची कातरणं काढायला बायको निघाली तेव्हा तो म्हणाला, यंदा झोपवायला नको. झोपेत काही बरंवाईट झालं तर कळायचंही नाही. मी दिवा लावतो, मी बघतो त्याच्याकडे.

ती कातरणांची पिशवी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिने त्याच्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "तुम्ही बघाल?"

"बघीन की. माझं कोण आहे दुसरं?"

तिने पिशवी परत फळीवर ठेवली.

त्या दिवसापासून काटेवाला कासवाची दाई झाला. दुकानातून जुना दिवा आणला, तारेचा आकडा वाकवून कोपऱ्यात टांगला. सकाळी अंडं उकडायचा. डाळ भिजत घालायचा. दुधात पाव कुस्करायचा. पहिले दोन दिवस कासवाने तोंड फिरवलं. मग एक घास घेतला, आणि त्यानंतर ते असं खाऊ लागलं की काटेवाल्यालाच कसंतरी व्हावं. चोच उघडायची, जीभ गुलाबी दिसायची, आणि खाताना ते त्याच्यावरून डोळे काढत नसे.

शेजारीपाजारी म्हणू लागले, पोटच्या पोरासारखं करतोय. आक्काने तर त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं की सवतीवर जीव जडला की काय.

आणि झालं असं, जे त्याच्या हिशेबात नव्हतं. बायको त्याच्याशी बोलू लागली. तो वाकून वाटीत पाव कुस्करत असायचा तेव्हा ती मागे येऊन उभी राहायची. एकदा तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. एकदा जेवताना तिने आपणहून तिच्या लहानपणीची गोष्ट सांगितली, कुठल्याशा विहिरीत पडलेल्या तिच्या बाहुलीची. काटेवाल्याचा घास हातातच राहिला.

त्या रात्री पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, आता पुरे. हवं ते मिळालं की. उद्यापासून नुसतं गवत घालावं.

पण दुसऱ्या दिवशी ऊन भिंतीवरून उतरलं आणि ती उठून मागच्या खोलीत गेली. त्याला बाहुली मिळाली होती, आत काय मिळत होतं देव जाणे. त्याने दुसरं अंडं उकडत टाकलं.

५

कासव वाढलं. डोळ्यांदेखत वाढलं म्हणतात तसं. खवल्यांच्या मध्ये नवी पांढरी पट्टी दिसू लागली, दोऱ्याएवढी नाही, चांगली बोटभर रुंद. हिवाळा सरेपर्यंत ते पलंगाखाली मावेनासं झालं, वळसा घालून जाऊ लागलं. उन्हाळ्यात दाराशी लावलेली फळी त्याच्या वजनाने वाकली, म्हणून काटेवाल्याने स्वतः जाड फळी ठोकली.

टेंगळं मात्र उठली नाहीत. तो रोज अंगठा फिरवून बघायचा. पाठ गुळगुळीत. पाय भक्कम. नजर स्वच्छ. एवढं वाईट करून त्या जनावराचं इतकं चांगलं होत होतं की त्याला रडू येईल.

खोलीतले आवाजही बदलले. पूर्वी आतूनही अधूनमधून खरखर यायची, ती आता आत गेल्यावर बंद व्हायची. आधी बायको पुष्कळ बोलायची आणि मध्ये मध्ये थांबायची. आता ती थोडं बोलायची आणि पुष्कळ थांबायची. त्या थांबण्यात ती एखादवेळी हसायची. मध्येच हो म्हणायची. काटेवाला बाहेर जेवणाच्या टेबलापाशी एखाद्या काट्याचा स्क्रू पिळत बसलेला असायचा. तो स्वतःची समजूत घालायचा की एकटं माणूस असंच बोलतं. त्याची आईदेखील शेवटी चुलीशी बोलायची. चुलीला काय उत्तर देता येतं?

एका संध्याकाळी ती आत असताना पुढच्या दारावर कोणी आलं. गल्लीतली बाई होती, काहीतरी मागायला आली होती, आणि बोलत उभी राहिली. बायको पुढे गेली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

काटेवाला उठून आत गेला. कासव खुर्चीच्या पायाशी होतं, चारी पाय आणि डोकं आत ओढून. बऱ्याच दिवसांत त्याने ते तोललं नव्हतं. आता घ्यावं, पुढच्या खोलीतल्या काट्यावर ठेवावं, इतकाच त्याचा विचार. कंबरेत जोर धरून त्याने दोन्ही हातांनी ते उचललं.

भरलेली समजून कोणी घागर उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं झालं. सगळा जोर वर गेला आणि तो मागच्या मागे पडता पडता टेबलाला धरून वाचला.

हातात कवच होतं. आत ओढून घेतलेलं डोकं जिथे असायला हवं ती फट त्याच्या अंगठ्याजवळच होती. वाकून बघायचं तर बघता आलं असतं. त्याने बघितलं नाही. खोलीत खळीचा ओला वास होता, आणि बाइंडर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शिवाय पाठीमागून कोणीतरी आपल्याकडे, आपल्या हातांकडे, नापसंतीने बघतंय असं त्याला वाटलं. एखाद्याची वस्तू न विचारता उचलली की वाटतं तसं. मागे तर नुसती खुर्ची होती.

त्याने कवच होतं तिथे ठेवलं आणि बाहेर आला. बायको अजून दारात बोलत होती.

६

तोलण्याच्या धंद्यातला माणूस अशा गोष्टी भुताखेतांवर ढकलत नाही. सकाळी उठल्याबरोबर त्याने कासव उचललं. जड होतं. धापा टाकत त्याने ते काट्यावर ठेवलं. काटा खाली बसला, डुलला, थांबला. मग त्याने दुकानातली प्रमाणाची वजनं आणली आणि काटा तपासला. काट्यात खोट नव्हती. खोट काल संध्याकाळच्या त्याच्या हातांत असली पाहिजे. घाईत उचललं, भीतीने अंगात बळ आलं, म्हणून हलकं वाटलं. असं होतं. पेटलेल्या घरातून माणसं कपाटं उचलून आणतात.

हे त्याला पटलं. पटलं म्हणजे दुपारपर्यंत पटलं. संध्याकाळी बायको आत गेली तेव्हा त्याला स्क्रू पिळता येईना.

तो डॉक्टरीणबाईंना घरी घेऊन आला. बाईंनी कासव बघितलं आणि आधी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. एवढं सांगूनसुद्धा हे काय करून ठेवलंत, म्हणाल्या. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि कवचावर हात फिरवला. हा असा गुळगुळीतपणा येऊच शकत नाही, म्हणाल्या. बोटाने कवचावर टकटक केलं. पुढे केलं, मागे केलं, कान जवळ नेला.

"काय आहे?" काटेवाल्याने विचारलं.

"माझ्याकडे राहू द्या चार दिवस. आतून बघायला हवं."

बायको दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "तो कुठे जाणार नाही."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. बरं, म्हणाल्या. निदान दिवा काढा, अंडी बंद करा. निघताना त्यांनी काटेवाल्याला विचारलं की घरात आणखी कोणी असतं का. नाही, आम्ही दोघंच, तो म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि चपला घातल्या. कशासाठी विचारलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यालाही विचारवलं नाही.

दिवा काढावा म्हणून तो त्याच दुपारी खुर्चीवर चढला. तारेचा आकडा त्याने स्वतःच वाकवला होता, तरी त्याला तो सुटेना. खालून कासव मान वर करून बघत होतं. बायको स्वयंपाकघरात अंडं उकडत होती. आता ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं.

७

पुन्हा थंडी आली तेव्हा काटेवाला सुकला होता. आक्का म्हणाली, कासवाला बाळसं आलं आणि तू वाळलास, घरात काय एकापुरतंच शिजतं का? तो हसला नाही. त्याला आक्काला सांगायचं होतं. पण सांगणार काय? माझी बायको दिवस ढळला की आनंदात असते, हे? तिने केसांना परत तेल लावायला सुरुवात केलीय, हे? आणि ते माझ्यासाठी नाही, हे?

हेव्याची एक गंमत असते. भीतीने माणूस दारापासून लांब राहतो, हेवा त्याला दाराशी नेतो. त्या संध्याकाळी तिचं हसू ऐकू आलं. पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं असं, तरुण मुलीचं असावं तसं. काटेवाला अनवाणी उठला आणि बोटभर फटीला डोळा लावला.

खिडकीतून शेवटचा उजेड येत होता. उंच पाठीची खुर्ची तिच्या जागी, पाठ दाराकडे. पलीकडे स्टुलावर बायको. तिचा चेहरा त्याला पुरता दिसत होता. ती खाली, फरशीकडे, कासव असतं तिकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती. खुर्चीत माणूस बसला तर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे. तिचे डोळे थोडे हलत होते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघताना हलतात तसे.

कवच खुर्चीच्या पुढच्या पायापाशी होतं. पण ते जनावर बसतं तसं नव्हतं. जरा तिरकं, एका बाजूला सारलेलं. कामावरून घरी आलेल्या माणसाने चपला काढून पायानेच बाजूला सराव्यात, तसं.

खुर्चीची वेताची बैठक करकरली.

बायकोने हात पुढे केला, आणि तो अधांतरी, कशावर तरी टेकावा तसा टेकला. मग तिने हळूच वर बघितलं, खुर्चीवरून, दाराकडे. फटीकडे. ती दचकली नाही.

काटेवाला मागे मागे सरकत जेवणाच्या टेबलापर्यंत गेला आणि बसला. समोर सोनाराचा तराजू सुटा पडला होता. तो त्याने जोडायला घेतला, पण दोन्ही पारडी वाजतच राहिली.

८

थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात कासवाची वाटी होती, चाटूनपुसून स्वच्छ. तिने ती त्याच्या पुढ्यात ठेवली.

"उद्यापासून थोडं जास्त आणाल का?" ती म्हणाली. "आता एवढ्याने भागत नाही."

"मी नाही आणणार."

तिने खुर्ची ओढली. त्याच्या समोर बसली, पदर नीट केला. त्याच्याकडे बघण्यात राग नव्हता. आजारी माणसाकडे बघावं तसं ती बघत होती, आणि तेच त्याला सोसवेना. त्याने ठरवलं, बोलून टाकायचं. एकदा बोललं की ती चिडेल, रडेल, हात उगारेल. काही झालं तरी ते त्याच्या वाट्याचं असेल.

"मी त्याला लाडाने नव्हतो चारत," तो म्हणाला. "तुला माहीत नाही. त्या बाईंनी मला सांगितलं होतं..."

"भराभर वाढलं की मरतं म्हणून."

काटेवाल्याने मान वर केली.

"त्या सगळ्यांनाच सांगतात," ती म्हणाली. "आम्ही त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा आम्हालाही सांगितलं होतं. अंडं, डाळ, दिवा. सगळं. म्हणून तर हे इतकं जपून वाढवायचे."

म्हणजे त्या दिवशी, कातरणांची पिशवी हातात धरून ती बघत राहिली होती तेव्हाच तिला कळलं होतं. तो वाकून पाव कुस्करत होता आणि तिने खांद्यावर हात ठेवला होता, तेव्हाही. बाहुलीची गोष्ट सांगताना. अंडं कशासाठी उकडतंय हे घरात दोघांनाही माहीत होतं, आणि एक जण ते रोज मन लावून सोलत होता.

"मग मला अडवलं का नाहीस?"

तिने टेबलावरचं एक पारडं बोटाने थांबवलं. वाजणं बंद झालं.

"ह्यांना मावण्याएवढा तो ह्यांच्या हातून इतक्या लवकर वाढला नसता," ती म्हणाली. "हे सगळंच सावकाश करायचे. मी म्हातारी झाले असते."

मागच्या खोलीत लोखंडी यंत्राचं चाक एकदा फिरलं आणि थांबलं. दोघांनीही ते ऐकलं. काटेवाल्याने तिकडे बघितलं नाही. त्याने तिच्याकडे बघितलं. तेल लावलेले केस, कपाळावर आलेली एक बट, आणि ओठांच्या कोपऱ्यात अजून उरलेलं ते हसू, जे त्याने तिच्याकडून कधीच मिळवलं नव्हतं. ह्या घरात येऊन त्याने एकच गोष्ट मागितली होती, तीसुद्धा मनातल्या मनात. आता त्याला वाटलं, तोंडाने मागावी. अजूनही मागून बघावी.

"आणि मी?" तो म्हणाला. "मी तुझा कोण?"

तिने ऐकलं. नक्की ऐकलं, कारण तिचा हात वाटीवर क्षणभर थांबला. मग तिने वाटी उचलली, उठली, खुर्ची नीट आत सारली, आणि मागच्या खोलीकडे चालती झाली.